गंधवार्ता

पहिल्यांदा शंका आली ती आंब्यांमुळे.

२०२१ चा एप्रिल, तिसरा आठवडा. शिमग्याला गावी आलो तो पुन्हा टाळेबंदी लागणार म्हणून तिथेच राहिलो होतो. लॅपटॉप ओटीवर, म्हणजे ऑफिस ओटीवर. गाव रत्नागिरीजवळ. ताप आला, तिसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला आणि आईने मला पडवीच्या टोकाच्या कोठीच्या खोलीत नेऊन बसवलं. घरात बाहेरून वेगळं दार असलेली तेवढी एकच खोली. अडचण अशी की त्याच खोलीत अढी लावलेली. चारशेच्या आसपास हापूस, भाताच्या पेंढ्यात, थरावर थर. एवढे आंबे हलवणार कोण आणि ठेवणार कुठे? त्यापेक्षा मला त्यांच्यात हलवणं सोपं होतं. कोविडवाल्याच्या खोलीतले आंबे नंतर खाणार कोण, हा प्रश्न तेव्हा कुणालाच सुचला नाही.

आमच्याकडचं अढीचं सगळं शास्त्र आईच्या नाकात आहे. ती खोलीत शिरतही नाही. उंबऱ्यात उभी राहते, पदराने घाम पुसते आणि सांगते, "खिडकीकडचे झाले. खालच्यातला एखादा गेलाय." मग आम्ही पेंढा उपसायचा. गेलेला आंबा तिथेच सापडतो, कधी देठाशी काळा पडलेला, कधी बुडाकडून रस सुटून शेजाऱ्याला चिकटलेला. एका आंब्याने दहा नासतात, त्यामुळे ही बातमी वेळेवर कळणं महत्त्वाचं.

आता आईला आत यायची बंदी होती. चौथ्या दिवशी ती खिडकीबाहेर उभी राहिली, तोंडाला पदर.

"झाले का रे खिडकीकडचे? वास येतोय का बघ."

मी एक आंबा उचलला, देठाला नाक लावून हुंगला. काही नाही.

"अजून नाही."

दुसऱ्या दिवशीही विचारलं. अजून नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. मी खोटं बोलत नव्हतो. ताप उतरला होता, नाक मोकळं होतं, श्वास आत जाताना गार लागत होता. मला खरंच वाटत होतं की यंदा आंबे पिकायला वेळ लागतोय. चोंदलेल्या नाकाला निदान आपण चोंदलोय हे कळतं. माझ्या नाकात हवा बिनबोभाट ये-जा करत होती आणि येताना काहीच आणत नव्हती.

सहाव्या की सातव्या दिवशी आई खिडकीशी आली आणि एकदम थांबली. "अरे, पार विहिरीपर्यंत घमघमाट सुटलाय. तू आत बसून करतोयस काय?"

मग मी पेंढा उपसला. चाळीसएक आंबे गेले होते. दोन थर खाली रसाचं डबकं झालं होतं आणि त्यावर चिलटं बसली होती. तीन दिवस मी त्या डबक्यापासून हातभर अंतरावर झोपत होतो.

मराठीत एक शब्द आहे, गंधवार्ता. 'मला त्याची गंधवार्ताही नव्हती' असं आपण अगदी सहज म्हणतो आणि म्हणताना नाकाचा विचारही मनात येत नाही. त्या खोलीत बसून मला तो शब्द पहिल्यांदा शब्दशः कळला. वास ही बातमी असते. ती आपण मागवत नाही, आपोआप येते, आणि बहुतेक वेळा डोळ्यांच्या आधी येते. दूध लागतंय. कुणीतरी आलंय. खालच्या आळीत आज सुकट भाजतायत. हा बातमीदार दिवसभर इतका गुपचूप काम करतो की तो गेला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. आई म्हणाली नसती तर मला आणखी किती दिवस लागले असते कोण जाणे.

आणि गेल्यावर सांगायचं कसं? ज्याला दिसत नाही तो आंधळा, ऐकू येत नाही तो बहिरा. ज्याला वास येत नाही त्याला काय म्हणायचं? रोजच्या बोलीत शब्दच नाही. नाकावर आपल्याकडे म्हणी आणि वाक्प्रचार ढिगाने. नाक कापलं जातं, घासलं जातं, मुरडलं जातं, नाकापेक्षा मोती जड होतो, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात. सगळी नाकं अब्रूची नाहीतर दिसण्याची. हुंगण्याचं काम करणारं नाक त्यात शोधावं लागतं. फोनवर मी मित्रांना "वास गेला" असं सांगायचो आणि पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "बरंय की, ठाण्यात परत आलास की कळेल किती बरंय ते." हसायचो मीही.

भारत सरकारने वास किंवा चव जाणं हे कोविडच्या लक्षणांच्या यादीत घातलं ते १३ जून २०२० ला. म्हणजे माझ्या वेळेपर्यंत ते जगजाहीर होतं. मीही वर्तमानपत्रात वाचलं होतं. वाचलेलं आणि नाकाशी धरलेल्या आंब्याचं नातं जुळायला तरी सात दिवस लागले.

१६ मेला तौक्ते आलं. वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातकडे सरकलं, पण जाता जाता आमच्या बागांमधून हात फिरवून गेलं. काढायचा राहिलेला आंबा एका रात्रीत जमिनीवर. चार दिवसांनी सगळ्या वाडीत नासलेल्या आंब्याचा आंबूस दर्प भरून राहिला होता, असं मला सांगण्यात आलं. लोक नाकाला फडकी बांधून फिरत होते आणि मी ओटीवर बसून निवांत पोहे खात होतो. गावात त्या आठवड्यात सुखी माणूस मी एकटाच.

वीज गेली ती बरेच दिवस आलीच नाही. ह्या काळात, शेजारच्या गाडीत फोन चार्ज करून आणून, माझ्या नाकात काय झालं असावं हे मी वाचत होतो. आणि समोर रस्त्यावर त्याचं चित्रच आडवं पडलेलं होतं.

नाकाच्या आत, अगदी छताशी, दोन्ही बाजूंना पोस्टाच्या तिकिटाएवढा एकेक पट्टा असतो. वासाच्या चेतापेशी तिथे. त्यांचे धागे कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातल्या भोकांतून थेट मेंदूत जातात. साध्या सर्दीत अस्तर सुजतं, शेंबूड साचतो आणि वासाचे कण त्या छतापर्यंत पोचतच नाहीत. रस्ता बंद, एवढंच. सर्दी उतरली की रस्ता मोकळा. पण कधीकधी विषाणू खुद्द त्या पट्ट्यालाच इजा करतो. हे कोविडने नव्याने आणलेलं नाही. सर्दीचे ऱ्हायनोविषाणू, फ्लू, पॅराइन्फ्लुएन्झा हे सगळे हा उद्योग आधीपासून करत आलेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे असे रुग्ण येत, त्यांत चाळिशी-पन्नाशीतल्या बायका जास्त. त्यांचं घरी कोणी किती मनावर घेतलं असेल, ह्याचा अंदाज मला आता आहे.

कोविडचं वेगळेपण असं की नाक न चोंदता, एका दिवसात दिवा मालवल्यासारखा वास जायचा. आधी सगळ्यांना वाटलं, विषाणू वासाच्या चेतापेशीच मारतोय. २०२० च्या मध्यात हार्वर्डमधल्या संशोधकांनी दाखवलं की विषाणूला आत शिरायला जे एसीई-२ नावाचं दार लागतं, ते चेतापेशींवर नाहीच. ते आहे त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर. ह्या पेशी स्वतः वास घेत नाहीत. चेतापेशींना उभं धरणं, त्यांना लागेल ते पुरवणं, कचरा उचलणं ही त्यांची कामं. त्या कोसळल्या की चेतापेशी जिवंत असूनही निकामी. पुढे २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आसपास पेटलेल्या दाहामुळे, ज्यांना विषाणू शिवलाही नाही अशा चेतापेशीसुद्धा आपले वास पकडणारे रिसेप्टर बनवायचं थांबवतात.

आमच्या घरासमोर नेमकं हेच झालं होतं. तार धड होती, खांब आडवा होता. आणि पलीकडच्या आळीत खांब-तार दोन्ही ठीक असून वायरमनने फ्यूज काढून ठेवला होता.

बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो, कारण हा पट्टा दुरुस्त होऊ शकतो. त्याच्या तळाशी मूळपेशी असतात आणि त्या आयुष्यभर नव्या चेतापेशी घडवत राहतात. माझ्या घरच्यांचा पंधरा दिवसांत आला. माझा येईना.

लोक म्हणतात वास आणि चव गेली. माझी चव गेली नव्हती. जिभेवरचं गोड, आंबट, खारट, कडू सगळं जागेवर होतं. हापूस खाल्ला तर गोड लागायचा, किंचित आंबट लागायचा, मऊ लागायचा. साखरेत लिंबू पिळून त्यात पिकली पपई कुस्करावी तसं काहीतरी. हापूसचं हापूसपण जिभेवर नसतंच. घास चावताना वाफ घशामागून वर नाकात चढते, तिथे असतं ते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर पुष्कळ काम झालंय. कैरीच्या वासात टर्पीन गटातली द्रव्यं मुख्य, आणि पिकताना त्यांत लॅक्टोन आणि फ्युरॅनोन येऊन मिळतात. आई उंबऱ्यात उभी राहून 'झाले' म्हणते तेव्हा ह्यांचीच हजेरी घेत असते, तिच्या नकळत.

एक गंमत मात्र लक्षात आली. आपल्याकडे रस सहा. गोड, आंबट, खारट, कडू ह्यांच्या जोडीला तिखट आणि तुरट. (संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, मराठीत येता येता दोघांनी घरं बदलली.) आधुनिक शास्त्र शेवटच्या दोघांना चव मानत नाही. तिखट ही जळजळ, तुरट हा आवळलेपणा, दोन्ही स्पर्शाच्या, चेहऱ्याच्या चेतातंतूच्या खात्यात. हे खातं वासापेक्षा वेगळं, त्यामुळे माझ्याकडे ते शाबूत होतं. मिरची झोंबायची. निलगिरीचं तेल गार लागायचं पण त्याला वास नसायचा, नुसता गारवा. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी यायचं आणि कांद्याचा पत्ता नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्यांना हे सुख लाभत असावं.

एकदा मात्र हसू आलं नाही. मे संपत आला होता. मी स्वयंपाकघरात एकटा चहासाठी आधण ठेवून फोन बघत बसलेला. उतू जाऊन गॅस विझला होता. आई परसातून धावत आली, आधी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, मग माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं घाणेरडं द्रव्य मिसळतात. माझ्यासारख्याला ती सोय फुकट. त्या दिवसापासून मी एकटा असेन तर चहा बंद, असा घरात कायदा झाला. लेखी नाही, पण झाला.

जूनमध्ये ठाण्याला परतलो. आणि जुलैच्या अखेरीस, एका सकाळी, स्वयंपाकघरातून वास आला.

मी धावतच गेलो. बायको कांदा परतत होती. "काय जळतंय?" मी विचारलं. तिने कढईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कांदा सोनेरी होता, आणखी मिनिटभर परतायला हवा होता. मला येत होता तो वास जळक्या वायरचा, आणि तिच्याखाली काहीतरी सडल्याचा. दोन्ही एकजीव. ह्या वासाला आजही माझ्याकडे नाव नाही. मराठीत वासाला इतकी विशेषणं आहेत, कुबट, आंबूस, खवट, करपट, उग्र, हिमुस. त्यातलं एकही बसेना. आयुष्यात त्याआधी कधी न आलेला वास होता तो.

मग तो सगळीकडून यायला लागला. कॉफी, लसूण, तळण, अंडं, भाजलेलं खोबरं, टूथपेस्ट. निरनिराळ्या वस्तूंना एकच, तोच वास. आधी बातमी येणं बंद होतं, आता सगळीकडून एकच खोटी बातमी येत होती. ह्याला पॅरॉस्मिया म्हणतात आणि विषाणूनंतर दोन-तीन महिन्यांनी, वास परत येऊ लागताना, तो पुष्कळांना होतो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. पॉलिप नाही, सूज नाही. "चांगलं लक्षण आहे," ते म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी ते पुन्हा सांगितलं. माणसाकडे वासाच्या रिसेप्टरचे सुमारे चारशे प्रकार. रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक ह्यांनी १९९१ मध्ये हे कोडं उलगडायला घेतलं, २००४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. एका चेतापेशीवर एकाच प्रकारचा रिसेप्टर, आणि कॉफीसारख्या वासात शेकडो द्रव्यं. मेंदू ओळखतो तो सगळ्यांचा मिळून झालेला सूर. दुरुस्ती अर्धवट असताना त्यातले थोडेच पोचतात, किंवा चुकीच्या जागी जोडले जातात, आणि मेंदूला भलतंच काहीतरी ऐकू येतं. वादळानंतर आमच्या वाडीत पहिल्यांदा वीज आली तेव्हा पंखे जोरात आणि दिवे मंद, असे दोन दिवस गेले होते. मला एकदम पटलं.

इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठात जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या वाफेतली द्रव्यं एकेक सुटी करून अशा रुग्णांना हुंगवली. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बहुतेक बोटं एकाच द्रव्याकडे वळली, २-फ्युरॅनमिथेनथायॉल. गंधकवालं, आणि अत्यल्प मात्रेतही नाकाला जाणवणारं. धडधाकट माणसाला ते कॉफीसारखं, पॉपकॉर्नसारखं खमंग वाटतं. खमंग. आपल्या स्वयंपाकातली सगळी स्तुती ह्या एका शब्दात मावते, आणि माझा दावा नेमका त्याच्याशीच. भाजलेलं, परतलेलं, फोडणी दिलेलं ते सगळं बाद.

चार महिने घरात फोडणी झाली नाही. वरणाला तूप-जिरं नाही, भाजीला कांदा-लसूण नाही. मी दहीभात, काकडी, केळं, गार दूध ह्यांवर होतो. बायको आणि मुलगी शेजारी जाऊन पावभाजी खाऊन यायच्या, आणि आल्यावर कपडे बदलायच्या. मी कधी बोललो नव्हतो, त्यांच्या त्यांनीच ठरवलं होतं. एकदा रात्री बायको म्हणाली, "माझाही तसाच वास येतो का तुला?" मी नाही म्हणालो. येत होता थोडा. घामाचा, केसांचा. मलाही माझा येत होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय आणि ती वाचणार आहे.

उपाय सुचवणारे चिकार. ओव्याची पुरचुंडी, वेखंड, नाकात तूप. व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत फिरत होती, संत्रं गॅसवर काळं होईतो जाळा आणि गर गुळाबरोबर खा. तेही केलं. घरात तीन दिवस धूर आणि मला तोच नामहीन वास, दुप्पट. डॉक्टरांनी दिलेला उपाय इतका साधा की मला तो औषध वाटेना. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल ह्यांनी २००९ मध्ये मांडलेला, वासाचा रियाज. चार वास, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, निदान बारा आठवडे. हुंगताना तो वास कसा असायचा हे आठवायचं.

चार बाटल्या घरातच होत्या. गुलाबाचं अत्तर मुंजीत मिळालेलं, लवंगेचं तेल दाढदुखीसाठी आणलेलं, निलगिरीचं सर्दीचं, लिंबू भाजीवाल्याचं. मी रोज बाल्कनीत बसून हुंगायचो आणि आठवायचो. सगळ्यात अवघड हे आठवणंच. लवंग म्हटलं की लवंग दिसायची, तिचं टोक बोटाला टोचलेलं आठवायचं, आजीच्या डब्याचं झाकण आठवायचं. वास आठवायचा नाही. गाणं मनात म्हणता येतं, चेहरा मिटल्या डोळ्यांनी दिसतो. वास आला की सगळं आठवतं, पण वास स्वतः बोलावून येत नाही. निदान माझा तरी येत नव्हता. ऑक्टोबर असाच गेला, नोव्हेंबरही.

डिसेंबरात लोकलमध्ये, मुलुंड सोडल्यावर, समोरच्या माणसाने संत्रं सोललं. सालीतून बारीक फवारा उडाला आणि मला संत्र्याचा वास आला. खरा. क्षणभरच, कडेकडेने, पण संत्र्याचाच. मी इतका पुढे वाकलो की त्या गृहस्थाने दोन फोडी माझ्यापुढे धरल्या. मी घेतल्या. साल पण मागून घेतली. त्याने दिली, आणि पुढच्या स्टेशनला जागा बदलली.

त्यानंतरचं सगळं तुकड्यातुकड्यांनी. लिंबू आलं, पाठोपाठ गुलाब. लवंग उशिरा. कांदा वर्षभराने सुसह्य झाला. कॉफी अजून जराशी संशयास्पद आहे, पण पितो. अंडं सोडलं ते सोडलंच.

२०२३ च्या मे महिन्यात गावी होतो. रात्री वळीव पडून गेला होता. कौलांवर आवाज झाला तसा मी ओटीवर जाऊन बसलो, मातीचा वास येतोय का बघायला. मातीतल्या ज्या जिओस्मिनमुळे तो वास येतो ते माणसाच्या नाकाला हवेच्या लाखो कोटी कणांत मोजके असले तरी कळतं म्हणतात. मला अर्धामुर्धा कळला. चालेल म्हटलं.

सकाळी पडवीतून जाताना कोठीच्या दाराशी पाय थांबले. काहीतरी येत होतं. चांगलं नव्हतं. मी उंबऱ्यातच उभा राहिलो, आईसारखा, आणि नीट हुंगलं. होतंच. आत गेलो नाही, तिथूनच हाक मारली.

"आई, खालच्यातला एखादा गेलाय."

ती आली. अठ्ठ्याहत्तरीची झालीय, चष्मा बदललाय, चाल मंदावलीय. मी तोवर पेंढा उपसायला घेतला होता. पहिला थर काढला, दुसरा काढला. आंबे एकूण एक टणटणीत, काही अजून हिरवे. एकही गेलेला नाही. मी तिच्याकडे बघितलं.

आईने उंबऱ्यातूनच छताकडे मान वर केली. एक कौल सरकलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली, भिंतीच्या कोपऱ्यात, पेंढा काळा पडला होता.

"आंबा कसला? पेंढा भिजलाय तो," ती म्हणाली. "बाहेर काढ आणि उन्हात टाक आधी. आणि ते आंबे ठेव परत होते तसे."